नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना एचआयव्ही आणि संसर्गाची काळजी शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवते. नवी तुकडी पहिल्यांदा वॉर्डात जायच्या आधी एचआयव्ही आणि संसर्गापासूनची काळजी हे तास माझ्याकडे असतात. मुली, त्यांचे आईवडील आणि नव्याने रुजू झालेल्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर यांचे प्रश्न दरवर्षी जवळजवळ तेच असतात, म्हणून उत्तरांसह इथे लिहून ठेवते आहे. तुकडीत आता मुलगेही असतात. सवयीने ‘मुली’ लिहिलंय, पण ते सगळ्यांसाठीच आहे. सगळ्यात घाईचा प्रश्न सगळ्यात वर ठेवलाय.

आत्ताच सुई टोचली आहे. काय करू?

रुग्णाला सांभाळून ठेव आणि हातातलं काम दुसऱ्या कुणाला तरी दे. हातमोजा काढ. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धू. रक्त पिळून काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, वरून स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही. त्याने कातडी आणखी सोलवटते, फायदा काही होत नाही. डोळ्यात रक्त उडालं असेल तर खुर्चीत मान मागे टेकवून बस आणि दुसरीला साध्या पाण्याने किंवा नॉर्मल सलाईनने डोळा धुवायला सांग. डोळ्यात साबण नको. तोंडात गेलं असेल तर थुंकून पुन्हा पुन्हा चूळ भर.

मग लगेच इनचार्ज सिस्टरला आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांग. पीईपीची, म्हणजे संसर्ग रोखणाऱ्या गोळ्यांची, पहिली गोळी शक्यतो २ तासांच्या आत पोटात जायला हवी. ७२ तास उलटून गेल्यावर ती सुरू करत नाहीत. रुग्णाचा रिपोर्ट यायचाय म्हणून गोळीसाठी थांबायचं नाही. आधी गोळी, मग रिपोर्ट. तो निगेटिव्ह आला तर पुढे काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

कोल्हापुरात सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या थोरल्या सरकारी दवाखान्यात, एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र, आहे. पण सुई रात्री दोनलाही टोचते. म्हणून कुठल्याही पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी दोन गोष्टी विचारून वहीत लिहून ठेवायच्या: इथे पीईपीच्या गोळ्या कुठे ठेवतात, आणि रात्री त्या कोण देतं. उत्तर मिळालं नाही तर त्याच दिवशी मला फोन करायचा.

सांगितलं तर ओरडा बसेल. दोन दिवस थांबून बघू का?

नको. या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, कारण मी हे जवळून पाहिलंय.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या वर्षाची मुलगी, रात्रपाळी. सलाईन बंद करताना रुग्णाने हात झटकला आणि सुई हातमोज्यातून तिच्या बोटात शिरली. तिने बेसिनवर बोट धुतलं, कापसाचा बोळा दाबला, चिकटपट्टी लावली आणि ती परत वॉर्डात गेली. कुणाला बोलली नाही. आदल्याच आठवड्यात तिच्या मैत्रिणीला सगळ्या वॉर्डासमोर ऐकून घ्यावं लागलं होतं, “लक्ष कुठं असतं गं तुझं?” तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या तासाला हजेरी घेताना मला ती चिकटपट्टी दिसली. विचारलं तर म्हणाली, भाजी चिरताना कापलं. होस्टेलला मेस आहे, ती भाजी कुठली चिरणार? तास संपल्यावर तिला बाजूला घेतलं आणि तिला रडू फुटलं. मी बोटांवर तास मोजले. ६१ झाले होते. तशीच रिक्षा केली आणि दोन तासांत तिची पहिली गोळी सुरू झाली. पुढच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. आज ती चांगली नोकरी करते आहे.

चूक त्या मुलीची नव्हती. सांगायची जागाच आम्ही तिच्यासाठी ठेवली नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे रीत ठरून गेली आहे. सुई टोचली म्हणून कुणी आलं की पहिला प्रश्न “धुतलंस का?” आणि दुसरा “किती वाजता टोचली?” हाच असतो. “कशी टोचली?” हे गोळी घेतल्यानंतर, बसवून, चहा देऊन विचारायचं, आणि तेही पुढच्या मुलीला टोचू नये म्हणून. नोंद रजिस्टरमध्ये होते, पण इंटर्नल मार्कांशी तिचा काहीही संबंध नसतो. हे मी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते आणि पालकांच्या बैठकीतही सांगते.

नव्या इन्स्ट्रक्टरांना हात जोडून सांगणं आहे: तुमचा आवाज चढला की मुलीचं तोंड मिटतं, आणि तिकडे घड्याळ चालूच राहतं.

टोचली म्हणजे एचआयव्ही होणारच का?

नाही. एचआयव्ही असलेल्या माणसाचं रक्त लागलेली सुई टोचली आणि काहीच औषध घेतलं नाही, तरी संसर्गाची शक्यता सरासरी ०.३ टक्के असते. म्हणजे अशा साधारण ३०० घटनांमध्ये एक. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडालं तर ती आणखी कमी, ०.०९ टक्क्यांच्या आसपास. जखम नसलेल्या कातडीवर रक्त पडलं तर धुवायचं आणि कामाला लागायचं.

ही सरासरी झाली. जखम खोल असेल, सुईवर रक्त दिसत असेल, सुई थेट शिरेत किंवा धमनीत घातलेली असेल, रुग्णाचा आजार फार पुढे गेलेला असेल, तर धोका वाढतो. ज्या अभ्यासातून हे कळलं तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात झिडोव्हुडिन या एकाच औषधाचा परिणाम पाहिला होता, आणि ते घेतलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये संसर्गाची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी दिसली. आज आपण एका वेळी तीन औषधं देतो.

हे आकडे मी मुलींकडून पाठ करून घेते. रात्री दोनला डोकं सुन्न झालेलं असताना ‘३०० मध्ये एक’ एवढं आठवलं तरी पाय उचलतो.

पीईपीच्या गोळ्या किती दिवस? त्रास होतो का?

२८ दिवस, रोज एक. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधं एकाच गोळीत असतात. कुणाला मळमळतं, कुणाचं डोकं दुखतं, कुणाची झोप उडते. बहुतेकींचं पहिल्या आठवड्यात कमी होतं. मधेच गोळ्या सोडायच्या नाहीत. त्रास जास्त वाटला तर डॉक्टरांकडे जायचं.

एक बारीक गोष्ट पुष्कळदा राहून जाते. आपल्या बऱ्याच मुली रक्त कमी म्हणून लोहाची, नाहीतर कॅल्शियमची गोळी घेत असतात. ती आणि पीईपीची गोळी उपाशीपोटी एकत्र घेतली तर डोल्युटेग्रॅव्हिर अंगी लागत नाही. पीईपीची गोळी आधी घ्यायची आणि लोह-कॅल्शियम निदान दोन तासांनी, किंवा दोन्ही जेवणाबरोबर घ्यायच्या. अॅसिडिटीच्या औषधाबद्दलही डॉक्टरांना विचारून घ्या.

रक्ततपासणी सुरुवातीला, मग ६ आठवड्यांनी, ३ महिन्यांनी आणि ६ महिन्यांनी. हे संपेपर्यंत रक्तदान नाही, आणि लग्न झालेलं असेल तर निरोध वापरायचा. कडेवर अंगावर पिणारं बाळ असेल तर तेही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं.

एचआयव्हीचं कळलं. हिपॅटायटिस बीची लस खरंच घ्यावी लागते?

घ्यावीच लागते, आणि वॉर्डात पाऊल टाकायच्या आधी. हिपॅटायटिस बी म्हणजे रक्तातून पसरणारी, यकृताला सूज आणणारी कावीळ. लस न घेतलेल्या मुलीला हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या ०.३ शेजारी हा आकडा लिहून बघा. शिवाय तो विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. तीन डोस असतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं मोजून घ्यायची. १० mIU/mL च्या वर आली की झालं.

मुलींना एचआयव्हीची धास्ती असते आणि हिपॅटायटिस बीचं नावही धड माहीत नसतं. प्रवेशाच्या वेळी घेतलेला पहिला डोस तेवढा कार्डावर दिसतो, दुसरा-तिसरा राहून गेलेला असतो. इन्स्ट्रक्टरांनी ही कार्डं स्वतः तपासावीत. हिपॅटायटिस सीला लस नाही, तिथे सांभाळून काम करणं एवढंच हातात आहे.

कुठल्या बेडला एचआयव्ही आहे ते आधीच सांगा ना, म्हणजे आम्ही जपून राहू?

हा प्रश्न दर तुकडीत येतो, आणि माझ्या सगळ्या शिकवण्याचा गाभा हाच आहे.

समजा मी सांगितलं, बेड सात. तुम्ही बेड सातला दोन-दोन हातमोजे घालणार, गाऊन चढवणार, लांबूनच बीपी घेणार. मग बेड आठकडे वळलात की जीव भांड्यात पडणार, आणि हातमोजा न घालताच शीर शोधायला लागणार. बेड आठच्या आजोबांची तपासणी कधी झालीच नसेल तर? किंवा झाली असेल, पण संसर्ग होऊन आठवडा-दोन आठवडेच झाल्यामुळे तपासणीत तो अजून दिसत नसेल तर? आणि हिपॅटायटिस कुणाला आहे हे तर आपण विचारलेलंच नाही. बेड सातच्या बाईंना आपला आजार ठाऊक आहे, त्या रोज गोळी घेतात, त्यांच्या रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेलेला असू शकतो. तिथे धोका कमीच आहे. सुई घात करते ती बेड आठला, जिथे तुम्ही निर्धास्त असता.

म्हणूनच १९८० च्या दशकात अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने नियम घालून दिला की प्रत्येकाचं रक्त संसर्ग असल्यासारखंच हाताळायचं. १९९६ साली त्याचं आणखी व्यापक रूप आलं, त्यालाच आपण स्टँडर्ड प्रिकॉशन्स म्हणतो. यात आजाराचं नाव बघत नाहीत, काम बघतात. रक्त घ्यायचंय तर हातमोजे. अंगावर उडण्यासारखं काम असेल तर गॉगल, मास्क, अॅप्रन. नाडी बघायची, अंथरूण सारखं करायचं, खांद्यावर हात ठेवायचा, तर धुतलेले हात पुरेत.

रुग्णाला एचआयव्ही आहे हे उपचार करणाऱ्यांना माहीत असावं लागतं, ते त्याच्या औषधांसाठी आणि देखभालीसाठी. आपल्या बचावासाठी ती माहिती लागत नाही.

संसर्ग नेमका कशातून होतो?

रक्त, वीर्य, योनीतला स्राव आणि आईचं दूध. शिवाय शरीराच्या आतले द्रव: पाठीच्या मणक्यातलं पाणी, सांध्यातलं, फुप्फुसाभोवतीचं, पोटातलं, हृदयाभोवतीचं पाणी आणि गर्भजल. घाम, अश्रू, लाळ, लघवी, शौच, उलटी यांत रक्त दिसत नसेल तर त्यांतून एचआयव्ही होत नाही. मात्र लघवीची पिशवी रिकामी करताना हातमोजे घालायचेच, कारण जंतू काही एकटा एचआयव्हीचाच नसतो.

डास चावून होतो का?

नाही. डासाच्या शरीरात हा विषाणू वाढतच नाही. डेंग्यूसाठी मच्छरदाणी लावा.

हातमोजे घातले की झालं ना?

हे तोंडाने सांगून पटत नाही. मी गुलाल वापरते.

जोतिबाच्या यात्रेहून आलेल्या गुलालाची पुडी आपल्याकडे कुणाच्या ना कुणाच्या घरात असतेच. स्किल लॅबमधल्या पुतळ्याच्या मांडीवर ड्रेसिंग बांधायचं आणि आतल्या गॉजवर चमचाभर कोरडा गुलाल टाकायचा. अंगावर जुना गाऊन घालायचा, पांढऱ्या युनिफॉर्मवर हा प्रयोग नको. एका मुलीला पुढे बोलवायचं. तिने हातमोजे घालायचे, जुनं ड्रेसिंग काढायचं, नवं बांधायचं, चार्टवर नोंद करायची, हातमोजे काढायचे. मधेच मी तिच्या मोबाईलवर फोन लावते.

मग सगळ्यांनी मिळून गुलाल शोधायचा. पेनावर सापडतो. चार्टच्या कोपऱ्यावर, ट्रॉलीच्या दांड्यावर, पडद्याच्या कडेला सापडतो. मोबाईलच्या काचेवर तर असतोच, आणि तिथून कानाच्या पाळीवर. केसांची बट मागे सारली तिथे कपाळावर बोट उमटलेलं असतं. एका तुकडीत तो पुतळ्याशेजारच्या टेबलावर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर सापडला होता. ती बाटली शेजारच्या रुग्णाची म्हणून ठेवली होती. वर्ग एकदम गप्प झाला. तेवढ्या वेळात आपण एकाची जखम दुसऱ्याच्या तोंडापर्यंत नेली, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मग हातमोजा काढायची रीत. एका हाताने दुसऱ्या मोज्याची मनगटाजवळची बाहेरची बाजू चिमटीत धरायची, उलटा करत काढायचा आणि मोजा घातलेल्या मुठीत धरून ठेवायचा. आता उघड्या हाताचं बोट दुसऱ्या मोज्याच्या आतून सरकवायचं, बाहेरून नाही, आणि तोही उलटा करत पहिल्यावर ओढायचा. नीट जमलं तर गुलाल आतल्या आत बंद होतो. पहिल्या खेपेला बहुतेकींच्या मनगटावर लाल रेघ राहते. म्हणून मोजे काढले की हात धुवायचेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला रेघ नाहीशी होते, आणि मुली आपापल्यात शर्यत लावतात.

मोजा सुईला अडवत नाही, हेही सांगायला हवं. सुई त्यातून जातेच. पण जाताना तिच्यावरचं निम्म्याहून जास्त रक्त मोज्यात पुसलं जातं. एक रुग्ण झाला की मोजे बदलायचे. मोज्यांवर सॅनिटायझर चोळून पुढच्या बेडकडे जाणं चालणार नाही.

हात धुवायला साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद लागतात, सॅनिटायझरने २० ते ३०. रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-स्रावाशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर. एवढ्या पाच वेळा.

हिरवा चुडा काढायचा का? घरचे ऐकत नाहीत.

ड्युटीवर काढायचा. कोपराच्या खाली काहीच नको: बांगड्या, घड्याळ, खड्याची अंगठी, देवाचा दोराही नको. बांगडीखाली हात धुतला जात नाही, आणि पिचकलेल्या काचेने हातमोजा फाटतो. मुलांच्या मनगटावरच्या धाग्यांना आणि कड्यालाही हाच नियम. मंगळसूत्र युनिफॉर्मच्या आत.

नव्या लग्नाच्या मुलीला हे सांगताना मात्र जपून. तिच्या घरी ही गोष्ट साधी नसते. अशा वेळी मी तिच्या सासूबाईंना स्वतः फोन करते. “आई, तुमची सून बाळाची नाळ कापते. त्या हातात काच नको,” एवढं म्हटलं की बायका पटकन समजतात. गडहिंग्लजकडच्या एका सासूबाईंनी सुनेला झाकणाची डबी पाठवली होती, ड्युटीला जाताना चुडा ठेवायला, आत हळदीकुंकवाची पुडी घालून.

सुईला टोपण परत लावू नका म्हणता, मग वॉर्डातल्या जुन्या सिस्टर का लावतात?

त्या शिकल्या तेव्हाची सवय आहे. त्यांना उलट बोलायचं नाही, आणि त्यांचं बघून करायचंही नाही. टोपण परत लावताना एका हातात सुई आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या समोरच असतं. सुई वाकवायची नाही, हाताने मोडायची नाही.

खरी अडचण अशी की सुई टाकायचा पांढरा डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि मुलगी उघडी सुई घेऊन पंचवीस पावलं चालते. वाटेत नातेवाईक असतात, झाडू मारणाऱ्या मावशी असतात. डबा ट्रॉलीवर ठेवून बेडपाशी न्यायचा. तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. वरून सुया दाबून बसवताना टोचल्याच्या घटना मी पाहिल्या आहेत. टोपण लावल्याशिवाय इलाजच नसेल तर ते ट्रेमध्ये आडवं ठेवायचं, दुसरा हात पाठीमागे, आणि एकाच हाताने सुईने ते उचलून घ्यायचं.

धारदार वस्तू या हातातून त्या हातात द्यायची नाही. किडनी ट्रेमध्ये ठेवायची आणि मोठ्याने “सुई” म्हणायचं.

कचऱ्याचे रंग कसे लक्षात ठेवायचे?

करून करून बसतात. पिवळ्यात रक्ताने भिजलेला कापूस, गॉज आणि शरीराचे भाग. लालमध्ये प्लॅस्टिक: आयव्ही सेट, कॅथेटर, सुई काढलेली सिरिंज, हातमोजे. पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काच, म्हणजे अँप्युल आणि बाटल्या. हे २०१६ च्या नियमांप्रमाणे आहे. ४८ तासांपेक्षा जास्त कचरा साठवायचा नाही. पिशवीत चुकून गेलेली सुई पुढे ती पिशवी उचलणाऱ्या मामांना टोचते, आणि त्यांना ती कुठल्या रुग्णाची हे कधीच कळत नाही.

फरशीवर रक्त सांडलं तर?

हातमोजे घाला, लोकांना बाजूला करा, वर कागद किंवा जुनं कापड टाका आणि त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं द्रावण, ओता. निदान १० मिनिटं ठेवायचं, आम्ही ३० शिकवतो. मग पुसून सगळं पिवळ्या पिशवीत. काच असेल तर चिमट्याने उचला. द्रावण रोज ताजं करायचं.

त्या रुग्णाचं ताट, पेला वेगळा ठेवायचा का?

नाही. जेवणातून, कपातून, शिवण्यातून एचआयव्ही होत नाही. खोली वेगळी नको, चादर वेगळी धुवायला नको, बेडवर पाटी नको.

मी स्वतः शिकत होते तेव्हा एका वॉर्डात असा एक रुग्ण कोपऱ्यातल्या खाटेवर होता. त्याला चहा द्यायचा तर किटली वर धरून धार सोडायची, किटलीचं तोंड त्याच्या कपाला लागू नये म्हणून. सगळ्याच तसं करत होत्या, मीही केलं. त्याने कप दोन्ही हातांनी उंच धरला होता, थेंब बाहेर सांडू नये म्हणून. ते हात मला अजून दिसतात.

हे कोल्हापुरात घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं. गंगाराम कांबळे यांनी इथे चहाचं दुकान काढलं तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा लोक घेईनात, म्हणून शाहू महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. ही गोष्ट इथल्या शाळकरी मुलांनाही माहीत असते. मी ती पहिल्या तासाला सांगते आणि मग त्या किटलीची गोष्ट सांगते. त्यानंतर ताट-पेल्याचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

शेजारच्या बेडच्या बाईंनी विचारलं, “त्यास्नी काय झालंय?” तर काय सांगायचं?

कोल्हापूर एवढंसं आहे. ती बाई तुमच्या गल्लीतली, नाहीतर रुग्णाच्या भावकीतलीच निघायची. खोटं बोलायचं नाही, गोंधळायचंही नाही. मी मुलींना एक वाक्य देते: “मावशी, ज्याचं दुखणं त्याचं त्याला. उद्या तुमच्याबद्दल कुणी विचारलं तरी मी हेच सांगणार.” हे हसून म्हणायचं. दुसऱ्या वाक्याने बायका समाधानाने गप्प बसतात.

हा नुसता चांगुलपणाचा भाग नाही, कायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. समजावून, संमती घेऊनच तपासणी करायची. माहिती गुप्त ठेवायची. आजारामुळे उपचार नाकारायचे नाहीत. याच कायद्याने तुमचीही बाजू घेतली आहे: काळजी घ्यायचं साहित्य, त्याचं शिक्षण आणि गरज पडल्यास पीईपी देणं हे रुग्णालयाचं कर्तव्य आहे. २० किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी असावा लागतो. हातमोजे संपले म्हणून तसंच काम कर असं कुणी म्हणालं, तर हे आठवा.

केसपेपरवर लाल शाईने मोठी अक्षरं काढायची नाहीत. आणि हल्लीची नवी चूक: केस प्रेझेंटेशनसाठी केसपेपरचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं. नाव झाकलं तरी गाव, वय आणि वॉर्ड यांवरून माणूस ओळखू येतो. फोटो काढायचाच नाही, वहीत उतरवून घ्यायचं.

आमच्या मुलीला लेबर रूमला पाठवू नका, असं पालक म्हणतात. काय सांगायचं?

त्यांना लेबर रूम दाखवायची. गॉगल, प्लॅस्टिकचा अॅप्रन, कोपरापर्यंतचे हातमोजे, पुढून बंद असलेले बूट, सगळं हातात देऊन दाखवायचं. तिथे रक्त आणि गर्भजल उडतं हे खरं आहे, म्हणून चपला घालून आत जायचं नाही आणि चष्म्याला गॉगल समजायचं नाही.

मग मी त्यांना बाळाबद्दल सांगते. आईला एचआयव्ही असेल आणि काहीच उपचार झाले नाहीत तर बाळाला संसर्ग व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईने वेळेवर गोळ्या घेतल्या, बाळाला जन्मल्यावर औषध सुरू झालं, तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. हे घडवून आणायला त्या रात्री खोलीत एक न घाबरलेली नर्स लागते. “ती तुमची मुलगी असू शकते,” असं म्हटल्यावर राधानगरीकडचे एक वडील बराच वेळ बसून राहिले आणि मग म्हणाले, “मॅडम, बूट चांगले घ्यायला सांगा तिला. पैसे मी देतो.”

टीबी आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्या रुग्णापाशी काय करायचं?

तिथे हवेतून पसरणारा टीबी हा धोका आहे. तुम्ही नीट बसणारा एन-९५ घाला, रुग्णाला साधा मास्क द्या, खिडक्या उघडा. थंडीतसुद्धा.

नव्या इन्स्ट्रक्टरने सुरुवात कुठून करावी?

खंगलेल्या रुग्णांचे फोटो दाखवून नको. आम्हाला तसंच शिकवलं होतं, आणि आम्ही किटली वर धरायला शिकलो.

काळ कसा बदलत गेला ते सांगा. भारतात पहिला संसर्ग १९८६ मध्ये चेन्नईत सापडला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी तो शोधून काढला. म्हणजे या देशात याची सुरुवातच एका विद्यार्थिनीने गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांपासून झाली, हे मुलींना फार आवडतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळू लागली. आता रोज एक गोळी घेऊन माणूस नोकरी करतो, संसार करतो. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येण्याच्या खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही.

मग एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांना बोलवा. आणि परीक्षा तोंडी घेऊ नका. “बेड चारचं रक्त घे,” एवढंच म्हणा आणि हात बघत राहा. बेड चारला काय झालंय असं जिने विचारलं, तिच्याबरोबर पुन्हा एकदा गुलाल घेऊन बसा.

एखाद्या विद्यार्थिनीलाच एचआयव्ही असेल तर ती नर्स होऊ शकते का?

होऊ शकते. प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी एचआयव्हीची तपासणी सक्तीची करता येत नाही, कायद्यानेच ते बंद केलंय. तिने वर्गाला सांगायची गरज नाही, मलाही सांगायची गरज नाही. नेहमीची काळजी घेऊन ती रक्त घेऊ शकते, इंजेक्शन देऊ शकते, ड्रेसिंग करू शकते. तिची स्वतःची काळजी मात्र घ्यायला हवी: टीबी वॉर्डात जाण्याआधी तिने आपल्या डॉक्टरांशी बोलावं, गोळीची वेळ रात्रपाळीतही चुकू नये.

माझ्याकडे अशी एक मुलगी येऊन बोलून गेली. जन्मापासून तिला हा आजार होता. तिची अडचण एवढीच होती की रोज रात्री नऊला गोळी घ्यायची असते आणि खोलीतल्या मुली विचारतात. आम्ही दोघींनी मिळून तोडगा काढला. गोळ्या साध्या डबीत ठेवायच्या, कुणी विचारलं तर “डॉक्टरांनी दिल्यात” एवढंच म्हणायचं, आणि रात्रपाळीला ती डबी युनिफॉर्मच्या खिशात. हातमोजा काढायच्या शर्यतीत त्या वर्षी तिचा पहिला नंबर आला. मनगटावर गुलालाचा कण नव्हता.